साथीच्या काळातील प्रवास : चौथी-पाचवीसाठी एक पाठ

गावात पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची चाल पूर्वी महाराष्ट्रातील अनेक गावांत होती. या चालीला अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक अचूक निरीक्षण दडलेले होते. रोग आकाशातून उतरत नाही. तो एका गावाहून दुसऱ्या गावास वाटेने येतो, हे त्या लोकांनी ओळखले होते. चूक झाली ती एवढीच की, तो गाड्यातून जातो असे त्यांनी मानले. प्रत्यक्षात तो गाडा ओढणाऱ्यांबरोबर, त्यांच्या पाण्याच्या भांड्यातून आणि त्यांच्या पोटातून जात होता.

साथीच्या दिवसांत प्रवास कसा करावा, हा विषय आरोग्याच्या तासाला बहुधा दोन वाक्यांत आटोपला जातो. ‘गर्दीत जाऊ नये, हात धुवावेत’ एवढे मुलांकडून म्हणवून घेतले की पाठ पूर्ण झाला असे समजण्यात येते. ज्या गावातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस, वीटभट्टीवर किंवा मुंबई-पुण्यास कामासाठी जातात, त्या गावातील मुलास हा पाठ पुरेसा नाही. 2020 सालच्या उन्हाळ्यात शहरांतून परतलेल्या माणसांना गावोगावच्या शाळांच्या वर्गखोल्यांत चौदा दिवस ठेवण्यात आले होते. आज चौथीत असलेली मुले त्या वेळी फार लहान होती; तरी घरात ती गोष्ट निघते आणि मुले ती ऐकतात. ‘गुरुजी, माझे बाबा गावात येऊनसुद्धा घरी का आले नाहीत?’ असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याचे उत्तर शिक्षकाजवळ असले पाहिजे. ते उत्तर हाच या पाठाचा गाभा आहे.

प्रत्येक साथीच्या रोगाबाबत प्रवाशाने दोन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. रोग एका माणसापासून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो, ही पहिली. शिरकाव केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तो किती दिवस लपून राहतो, ही दुसरी. शिक्षकाने फळ्याचे दोन भाग करून एकावर ‘वाट’ आणि दुसऱ्यावर ‘मुदत’ असे शब्द लिहावेत, आणि पुढील सर्व माहिती मुलांच्या साहाय्याने त्या दोन रकान्यांत भरत जावे.

आरंभ पटकीपासून करावा, कारण तिची वाट मुलांना सहज समजते. रोग्याच्या जुलाबातील जंतू पाण्यात जातात आणि ते पाणी किंवा त्याने विटाळलेले अन्न पोटात गेले की दुसऱ्यास रोग होतो. लंडनमध्ये 1854 साली डॉक्टर जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यावरून हे दाखवून दिले. 1884 साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास या रोगाच्या जंतूचा अभ्यास केला. पटकीची मुदत थोडी असते, काही तासांपासून सुमारे पाच दिवसांपर्यंत. शिवाय जंतू पोटात गेलेल्या पुष्कळ माणसांना काहीच होत नाही. पण त्यांच्या शौचावाटे जंतू बाहेर पडतच असतात. धडधाकट दिसणारा वाटसरूही रोग नेऊ शकतो, ही गोष्ट मुलांना येथेच प्रथम सांगून ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि वारकरी हे अंतर अडीच-तीन आठवड्यांत चालून जातात. लाखो माणसे एकाच रस्त्याने, रोज नव्या गावच्या पाण्यावर अवलंबून चालतात, तेव्हा पटकीला याहून सोयीची वाट मिळणे कठीण. म्हणून एके काळी पंढरीच्या यात्रेकरूंना पटकीची लस टोचून घ्यावी लागे. ज्यांच्या घरी वृद्ध वारकरी आहेत, त्या मुलांनी याविषयी आजोबांना विचारून यावे. दंडावर टोचल्याची आठवण अजून काहींच्या तोंडी सापडेल. मात्र या लसीची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या काळची टोचण्याची लस काही जणांस काही महिने संरक्षण देई, पण रोगाचा प्रसार ती थांबवू शकत नसे. म्हणूनच 1973 साली जागतिक आरोग्य संघटनेने परदेश प्रवासासाठी पटकीच्या लसीचा दाखला मागण्याची अट आपल्या नियमांतून काढून टाकली. वाट पाण्याची असल्यामुळे पहारा दंडावर ठेवण्यापेक्षा पाण्यावर ठेवणे अधिक उपयोगी, हे तोवर स्पष्ट झाले होते.

पाण्यावरचा पहारा म्हणजे काय, ते वर्गात करून दाखविता येते. पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे आणि त्याच भांड्यात झाकून थंड करावे. उकळलेले पाणी न धुतलेल्या तांब्यात ओतले की उकळण्याचे श्रम वाया जातात, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यात ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टी.सी.एल. पूड टाकतो, चांगल्या प्रतीची पूड असल्यास हजार लिटरला सुमारे पाच ग्रॅम, आणि त्यानंतर अर्धा तास थांबावयाचे. त्या कर्मचाऱ्यास एक दिवस शाळेत बोलावून ओ. टी. चाचणी दाखवावयास सांगावे. पाणी पिवळे झालेले पाहून मुलांना जे कळते, ते चार वेळा सांगून कळत नाही. प्रवासात मात्र पूड आणि चाचणी बरोबर नसतात. तेव्हा घरून उकळलेले पाणी न्यावे, गरम शिजलेले अन्न खावे, आणि यात्रेतील बर्फ, कापून ठेवलेली फळे व बर्फ घातलेला उसाचा रस यांपासून दूर राहावे. पंढरपुराहून आणलेले तीर्थ लहान मुलास देण्यापूर्वी उकळून घ्यावे, हेही सांगावे. हे सांगताना शिक्षकाच्या बोलण्यात श्रद्धेचा उपहास डोकावता कामा नये. तो डोकावला की पाठ तेथेच संपतो आणि घरी कोणी ऐकत नाही.

वाटेत जुलाब सुरू झालेच तर जलसंजीवनी द्यावयाची. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच तिचे साहित्य. तिची थोरवी एका स्थलांतरातच सिद्ध झाली. 1971 साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून रोग्यांना पाजण्याची व्यवस्था केली, आणि रोग्यांच्या नातेवाइकांसच ते पाजण्यास शिकविले. आधी शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. हे मिश्रण मुलांनी वर्गात एकदा स्वतः मोजून करावे. मीठ चुकून जास्त पडल्यास अपाय होतो; म्हणून चवीने नव्हे, चमच्याने मोजावे. द्रावण अश्रूंहून खारट लागले तर ते टाकून द्यावे.

प्लेगची वाट निराळी आहे, आणि ती निराळी असल्यामुळे त्यातील शहाणपणही निराळे होते. मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढील काही महिन्यांत, आठ लाखांवर वस्ती असलेल्या त्या शहरातून लाखो माणसे रेल्वेने, बोटीने आणि पायी बाहेर पडली. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला आणि रेल्वेच्या उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार सरकारास मिळाला. स्थानकांवर उतारूंना उतरवून डॉक्टर त्यांना ताप आहे का, काखेत वा जांघेत गाठ आहे का, हे पाहत. परंतु रोग पुढे जात राहिला. उतारूच्या अंगावर गाठ नसली, तरी त्याच्या वळकटीत पिसू असे. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर जात. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत 1898 साली दाखविले, तरी ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली.

खेड्यातील माणसांनी मात्र पिसवाचे नावही न घेता योग्य तोच मार्ग धरला होता. घरात उंदीर पडला की गाव उठून रानात झोपड्या घालून राही. उंदीर आणि पिसवा घरातच राहत, माणसे वाचत. येथे मुलांना एक प्रश्न विचारावा: प्लेगमध्ये गाव सोडणे शहाणपणाचे, मग पटकीत किंवा श्वासाच्या रोगात गाव सोडून नातेवाइकांकडे जाणे शहाणपणाचे का नाही? हुशार मुले उत्तर देतील की, पहिल्यात रोग घरात राहतो आणि दुसऱ्यात तो माणसाबरोबर चालतो. हे उत्तर एका मुलाने जरी दिले, तरी पाठ अर्धा यशस्वी झाला असे समजावे. ‘साथ आली की पळावे’ किंवा ‘साथ आली की जागचे हलू नये’ असा सरसकट नियम कोठेच लागू पडत नाही.

प्लेग गेला अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि सप्टेंबरात सुरतेस तो पुन्हा दिसला. सुरतेहून काही दिवसांत लाखो लोक बाहेर पडले. त्यांच्यामुळे देशभर साथ पसरेल ही भीती सुदैवाने खरी ठरली नाही. आता या रोगावर गुणकारी औषधे आहेत. ती वेळेवर मात्र मिळाली पाहिजेत.

यानंतर श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांकडे वळावे, आणि येथे शिक्षकाने सर्वांत अधिक वेळ द्यावा. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीकडून इन्फ्लुएंझाची साथ शहरात शिरली आणि रेल्वेच्या मार्गांनी देशभर गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेली तिची दुसरी लाट फार भयंकर होती. खेड्यांत तिला मानमोडी म्हणत. 1921 सालच्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. एरवी प्रत्येक शिरगणतीत वाढत गेलेला तो आकडा या एकाच दशकात उतरला, त्याचे मोठे कारण ही साथ होय. त्यानंतर एक शतक लोटल्यावर कोविड आला. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला जागतिक साथ म्हटले आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली.

इन्फ्लुएंझाची मुदत एक ते चार दिवसांची, कोविडची दोन ते चौदा दिवसांची. आता ही मुदत प्रवासाच्या वेळेशी ताडून पाहावी. फळ्यावर आळंदी आणि पंढरपूर असे दोन ठिपके काढून मध्ये रेघ ओढावी. पायी जाणाऱ्यास आळंदीतच इन्फ्लुएंझाचा संसर्ग झाला, तर तो कोठे आजारी पडेल? मुले मोजून सांगतील की, वाटेतच, पंढरपूर पुष्कळ दूर असताना. तोच माणूस एस.टी.ने निघाला तर? तो त्याच दिवशी पंढरपुरास पोहोचेल, ठणठणीत दिसेल, चार जणांच्या पंक्तीस बसेल आणि दोन दिवसांनी अंथरूण धरील. वाहन जितके वेगवान, तितका रोग प्रवाशाच्या अंगात लपलेलाच मुक्कामास पोहोचण्याचा संभव अधिक. बैलगाडीच्या काळात वाटेवरच उघडा पडणारा रोग रेल्वेत, बसमध्ये आणि विमानात तिकीट काढून मुकाट्याने बसतो. कोविडमध्ये तर लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस माणूस इतरांस रोग देऊ शकतो.

या उदाहरणावरून 2020 साली सर्वत्र कपाळासमोर धरलेल्या ताप मोजण्याच्या यंत्राची मर्यादा मुलांना समजावून देता येते. 1897 मध्ये स्थानकावर काखेत गाठ चाचपणारा डॉक्टर आणि 2020 मध्ये नाक्यावर यंत्र धरणारा कर्मचारी, या दोघांनाही जो रोग बाहेर आला आहे तेवढाच दिसत होता. ज्याची मुदत अजून पुरी व्हायची आहे, तो दोघांच्याही समोरून निघून गेला. तेथे यंत्राऐवजी दिवस मोजावे लागतात. सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी हीच युक्ती युरोपात निघाली. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या बंदराने 1377 साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे ते दिवस चाळीस झाले. क्वारंटाइन हा शब्द इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरूनच आला आहे. बाबा गावात येऊनही घरी का आले नाहीत, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हा हिशेब गणिताच्या तासालाही घेता येईल. एक मजूर 3 तारखेस गाडीत रोग्याच्या शेजारी बसून आला. मुदत जास्तीत जास्त चौदा दिवसांची. तर त्याने कोणत्या तारखेपर्यंत वेगळे राहावे? उत्तर 17 येते. आता पुढचे उदाहरण: 10 तारखेस दुसरा प्रवासी आला आणि त्याला त्याच खोलीत ठेवले. पहिल्याने केव्हा घरी जावे? मुले 17 म्हणतील. तसे नव्हे, नव्या माणसाकडून त्याला 10 तारखेस संसर्ग झाला असणे शक्य आहे, म्हणून त्याचीही मोजणी तेथून नव्याने सुरू होते आणि 24 पर्यंत जाते. दोन खोल्यांच्या शाळेत रोज नवी माणसे आणून त्याच खोल्यांत ठेवत गेल्यास कोणाचेच चौदा दिवस कधी पुरे होणार नाहीत. एका दिवशी आलेल्यांची एक खोली हा नियम पाळणे शक्य नसेल, तर ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्याला घरी ठेवणे बरे. ग्रामसमितीत शिक्षकास बसावे लागले, तर हा मुद्दा त्याने आग्रहाने मांडावा. दुसऱ्या कोणाच्या तो लक्षात येईलच असे नाही.

हिशेब बरोबर असूनही माणूस चुकला, तर सर्व व्यर्थ जाते. 1897 साली पुण्यात घरझडतीची सक्ती इतकी जाचक झाली की, लोक रोगी लपवू लागले. लपलेला रोगी आणि आडवाटेने गावात शिरलेला प्रवासी यांच्याइतके साथीला साहाय्य दुसरे कोणी करीत नाही. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगने आजारी असलेल्या मुलास पाठीवर घालून दवाखान्यात नेले, आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. विलगीकरणातील माणसाला गावाने अपराध्यासारखे वागविले, त्याच्या मुलास पाणवठ्यावर किंवा वर्गात दूर बसविले, की पुढचा प्रवासी रात्री शेतातून घरात शिरतो आणि कोणास सांगत नाही. शाळेच्या खोलीत राहणाऱ्यास दोन वेळचे गरम अन्न, वेगळे शौचालय, पिण्याचे पाणी, अंथरूण आणि घरच्यांशी रोज दूरध्वनीवर बोलण्याची सोय मिळाली, तर तो चौदा दिवस राहील.

एप्रिल 2020 मध्ये कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या ऊसतोड मजुरांना, तेथील मुदत पूर्ण झाल्यावर आणि आरोग्य तपासणी करून, गावी परतण्यास शासनाने परवानगी दिली. निघण्यापूर्वीच दिवस मोजून झाल्यामुळे गावाला त्यांचे भय बाळगण्याचे कारण उरले नव्हते. सर्वांच्या वाट्यास अशी व्यवस्था आली नाही. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेल्या मध्य प्रदेशातील मजुरांपैकी 16 जण 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडून मरण पावले. गाड्या बंद आहेत अशी त्या वेळी सर्वसाधारण समजूत होती. मालगाड्या मात्र चालूच होत्या. साथीतील प्रवासाच्या पाठात ही घटना वगळू नये. रात्री कोठे थांबावे, पाणी कोठे मिळेल आणि विचारावे कोणास, हे ठाऊक असणे हाही सुरक्षित प्रवासाचाच भाग आहे. त्याच वर्षी 1 जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास नेण्यात आल्या आणि लाखो वारकरी घरीच राहिले. पायी सोहळा पूर्ववत झाला तो 2022 साली. शतकानुशतकांची वाट दोन वर्षे मोकळी ठेवणे वारकऱ्यांस जड गेले असेल. त्यांनी ते केले.

पाठाचा शेवटचा भाग प्रत्यक्ष कृतीचा असावा. बाकांच्या रांगा लावून वर्गातच एस.टी. मांडावी. ‘साथ श्वासाची आहे’ असे सांगून मुलांना चढावयास सांगावे. खिडक्या कोण उघडतो, मुखपट्टी नाकाच्या खाली कोणाची राहते, खोकला आला की कोण हाताचा तळवा धरतो आणि कोण कोपर, हे इतर मुलांनी पाहावे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलास मुखपट्टीची सक्ती नसते, हेही सांगावे. ताप असलेल्या मुलाची भूमिका एकाला द्यावी. तो चढला तर खेळ चुकला. त्याने प्रवास पुढे ढकलावयाचा आहे. त्यानंतर ‘साथ पाण्याची आहे’ असे सांगून तोच खेळ पुन्हा घ्यावा. खिडकीकडे धावणारी मुले आता पाण्याच्या बाटलीकडे वळतात की नाही, यावरून त्यांना वाट समजली किंवा नाही हे कळेल.

घरी जाताना प्रत्येक मुलाने एक पत्र लिहावे. बाहेरगावी असलेल्या आई-वडिलांस, काका-काकूंस किंवा मोठ्या भावास, ‘साथ आल्यास गावी येताना काय करावे’ एवढाच विषय. पत्रात गावातील आशा सेविकेचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक असावा, आणि आल्यावर कोठे थांबावयाचे ते स्पष्ट असावे. ज्या मुलांचे आई-वडील कारखान्यावर गेले आहेत, त्यांची पत्रे शिक्षकाने आधी तपासावीत, म्हणजे दिवाळीनंतर निघणाऱ्या टोळीच्या मुकादमाबरोबर ती पाठविता येतील.